बंदुकीवरची बॅटरी आधी काढा



चेन्नईत पोस्टिंग येऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत घाम, सांबार आणि तमिळ या तिन्हीची थोडीफार सवय झाली. रविवारी सुट्टी मिळाली की लोकल पकडून कुठेतरी जायचं, हा माझा नेम. मागच्या महिन्यात उत्तरेकडची लोकल धरली. मिंजूर, पोन्नेरी, कवरैपेट्टै करत दीड तासाने गुम्मिडिपूंडीला उतरलो. इथून पुढे थोड्याच अंतरावर आंध्र सुरू होतो. पूर्वेला पुलिकतचं खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर आहे, पश्चिमेला सोळा नंबरचा हायवे आणि मधे सिपकॉटची औद्योगिक वसाहत. लोखंडाच्या रोलिंग मिला, भट्ट्या, रात्रंदिवस येणारे-जाणारे ट्रेलर.

तिथे आमच्या पलटणीचे एक जुने सुभेदार साहेब असतात. माण तालुक्यातले. पेन्शन आल्यावर गावी दोन वर्षं शेती करून पाहिली, पाऊस काही आला नाही, मग इथल्या एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी धरली. मी रंगरूट होऊन पलटणीत आलो तेव्हा साहेब माझे प्लाटून हवालदार होते. अजूनही समोर बसलं की माझी पाठ आपोआप सरळ होते.

जेवण झाल्यावर साहेबांनी मोबाइल पुढे केला. "अरे, तू आलास ते बरं झालं. मालकाने पैसे मंजूर केलेत. चाळीस बॅटऱ्या घ्यायच्यात, आणि सहा बंदुकींवर लावायचे दिवे. तुझ्या त्या ब्लॉगवर काय काय लिहितोस, जरा यातलं निवडून दे."

आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. आत घालतो तो सेल. या लेखातही मी तसंच लिहिणार आहे, फौजेतल्या मंडळींनी टॉर्च वाचावं.

यादीत एकापेक्षा एक नग होते. 'टॅक्टिकल', 'मिलिटरी ग्रेड', 'एक लाख ल्युमेन', 'दोन किलोमीटर रेंज', किंमत सातशे रुपये. मी म्हटलं, साहेब, खरेदीचं उद्या बघू. आधी रात्रीची राऊंड बघू द्या, तुमची पोरं अंधारात काय करतात ते कळल्याशिवाय काय घ्यायचं ते कसं सांगू?

त्या राऊंडवर जे पाहिलं त्यासाठी हा लेख लिहितोय.

भिंतीकडेची गोष्ट

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून एक कच्ची वाट जाते. पलीकडे बाभळीचं रान. त्या बाजूच्या पोस्टवर बारा बोअरची डबल बॅरल घेतलेला एक गार्ड होता. पोरगा चांगला होता, जागा होता, वर्दी नीट. बंदुकीच्या नळीखाली त्याने क्लॅम्प लावून एक बॅटरी बसवली होती. नमुना म्हणून मागवलेली.

वाटेवर पावलं वाजली. गार्ड ओरडला, "यारु? निल्लु!" आणि आवाजाच्या दिशेने वळून त्याने दिवा लावला. पांढराफेक उजेड. उजेडात एक पन्नाशीचा माणूस. हातात रंगाचा डबा, खांद्यावर दोरी. त्याने डबा टाकला, दोन्ही हात वर केले आणि गुडघ्यावर बसला. कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या चटकन बसला की ती हालचाल त्याच्या अंगात कित्येक वर्षं मुरलेली असावी.

साहेबांनी गार्डला दिवा बंद करायला लावला. त्या माणसाशी तोडक्यामोडक्या तमिळमध्ये बोलले, डबा उचलून दिला. तो गेला. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कॅम्पातला आहे. घरं रंगवायला जातात हे लोक."

गुम्मिडिपूंडीला श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची मोठी छावणी आहे. १९८३ च्या दंगलींनंतर समुद्र ओलांडून हजारो माणसं तमिळनाडूत आली, पुढेही येत राहिली, त्यातल्या अनेकांची पुढची पिढी छावण्यांतच वाढली. आणि आमचे साहेब नवे शिपाई असताना शांतिसेनेत जाफन्याला होते. १९८७ ते १९९० या काळात आपले हजाराहून जास्त जवान त्या बेटावर कामी आले. त्यामुळे बंदुकीमागून येणारा उजेड बघून माणूस गुडघ्यावर का बसतो, हे साहेबांना मी सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री अपघात झाला नाही, गोळी सुटली नाही. पण नीट बघा काय झालं होतं. एका गार्डला फक्त बघायचं होतं की कोण आहे. आणि बघण्यासाठी त्याने भरलेल्या बंदुकीचं तोंड एका निरपराध माणसाच्या छातीवर धरलं. त्याच्याकडे दुसरा इलाजच नव्हता, कारण त्याची बॅटरी बंदुकीला बांधलेली होती.

डोळा जिकडे, उजेड तिकडे. गोळी जिकडे, नळी तिकडे

रंगरूट असताना पहिल्या आठवड्यात उस्ताद काय शिकवतात? हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं. ज्याच्यावर गोळी चालवायची नाही, त्याच्याकडे नळीचं तोंड करायचं नाही. टार्गेट ओळखल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाणार नाही. हे नियम जगातल्या सगळ्या फौजांत सारखे आहेत.

आता बंदुकीवर बसवलेला दिवा या नियमाचं काय करतो ते पाहा. उजेड पाडायचा म्हणजे नळी वळवायची. ओळखण्याआधीच नळी त्या माणसावर गेलेली असते. म्हणजे दोन नियम एका झटक्यात मोडतात, आणि मोडणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या मनात तो फक्त 'बॅटरी मारतोय'.

म्हणून माझं मत साधं आहे. बंदुकीवरचा दिवा गोळी चालवायच्या कामाचा आहे. शोधायचं काम हातातल्या बॅटरीचं. ज्याच्याकडे हातातली चांगली बॅटरी नाही, त्याला बंदुकीवरचा दिवा देऊच नये. आणि ज्याला वर्षातून शंभर गोळ्याही अंधारात चालवायला मिळत नाहीत, त्याला तर हातातली बॅटरी असली तरी देऊ नये.

साहेबांनी विचारलं, "हात दोनच आहेत ना रे? बंदूक धरायला दोन लागतात. मग बॅटरी कुठे धरणार?"

प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. याच कारणाने हे दिवे जन्माला आले. काश्मीरमध्ये असताना आम्हीही एके रायफलीला काळ्या टेपने बॅटरी बांधायचो. जुन्या इन्सासवर काही बसवायला पट्टीच नव्हती, त्यामुळे तिथेही टेपच. आता सिग ७१६ आणि एके-२०३ सारख्या नव्या रायफलींवर रेल येते, त्यावर दिवा, साइट, जे हवं ते घट्ट बसतं. घरात घुसायचं आहे, आत हत्यारबंद माणूस आहे हे पक्कं ठाऊक आहे, बरोबर जोडीदार आहे, अशा वेळी रायफलीवरचा दिवा जीव वाचवतो. दोन्ही हात हत्यारावर राहतात, उजेड आणि नेम एकाच रेषेत येतात. त्याबद्दल माझा वाद नाही.

पण त्याच काळातली एक रात्र मी विसरलेलो नाही. एका घराची झडती. वरच्या खोलीत शिरलो, टेप लावलेली बॅटरी चालू केली. रजईखाली एक म्हातारी आणि दोन नातवंडं. मुलं डोळे मिटून घेत होती, आणि मी त्यांच्या तोंडावर उजेड धरून खोली बघत होतो. खोली बघून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढा वेळ रायफलीचं तोंड कुठे होतं. माझं बोट ट्रिगरच्या बाहेर होतं, सेफ्टी लागलेली होती, म्हणून झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने एक छोटी बॅटरी घेतली आणि डाव्या खांद्यावर अडकवली. त्यानंतर घर बघायला ती, आणि रायफलीवरचा दिवा फक्त गरजेला.

आता साहेबांचा गार्ड कोणत्या परिस्थितीत उभा आहे? त्याच्या पोस्टवर महिन्याला पाच वेळा पावलं वाजतात. चार वेळा कामगार, एखादा कुत्रा, क्वचित भंगार चोरणारा. हत्यारबंद शत्रू त्याच्या नोकरीत कदाचित कधीच येणार नाही. त्याला दर वेळी 'बघायचं' आहे, 'मारायचं' नाही. मग त्याच्या डोळ्यांना नळी कशाला जोडायची?

बटण आणि ट्रिगर

दुसरा धोका बोटांचा. अमेरिकेत टेक्सास राज्यात प्लॅनो नावाचं शहर आहे. तिथे २०१० साली एका पोलिसाच्या पिस्तुलातून गोळी सुटून समोरचा माणूस मेला. आपण पिस्तुलावरचा दिवा लावायला गेलो होतो, असं पोलिसाचं म्हणणं होतं. दिव्याचं बटण ट्रिगर गार्डच्या खाली, पकडीवर होतं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

हा माणूस शिकलेला पोलीस होता. घाबरलेल्या माणसाची बोटं एकटी काम करत नाहीत. एक बोट आवळलं की शेजारचीही आवळतात. म्हणून दिव्याचं बटण ज्या हाताने ट्रिगर ओढायचा त्या हाताकडे असूच नये. रायफलीवर लावायचाच असेल तर पुढच्या हाताच्या अंगठ्याखाली यावा. आणि क्लॅम्पचा दिवा, जो दोन गोळ्यांनंतर सरकतो, तो तर हत्यारावर नकोच. बारा बोअरचा धक्का साधा नसतो. त्या धक्क्याने आतले सेलही मागेपुढे आपटतात, स्वस्तातली बॅटरी पहिल्याच बाराला विझते. मग अंधार, आणि उजेडाने आंधळे झालेले आपलेच डोळे.

चौपाटीवरचे हेडलाइट

उजेड हे स्वतःच हत्यार आहे, हे आपल्याला मुंबईने शिकवलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीला पोलिसांनी नाकाबंदी केली होती. कसाब आणि त्याचा साथीदार चोरलेल्या स्कोडा गाडीतून आले. नाक्याच्या अलीकडे गाडी थांबली. पोलीस हेडलाइट बंद करून आतला दिवा लावायला सांगत होते. उलट गाडीचे दिवे प्रखर राहिले आणि काचेवर पाण्याचा फवारा मारून वायपर सुरू केले गेले, म्हणजे आत कोण आहे, हातात काय आहे ते बाहेरच्याला दिसू नये. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरली आणि सोडली नाही. जावळीतल्या केडंबे गावचे ओंबळे पोलिसांत येण्याआधी फौजेत, सिग्नल्समध्ये होते. त्यांना अशोक चक्र मिळालं.

त्यांच्या शौर्याबद्दल मी काय बोलणार. पण नाक्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने त्यातली उजेडाची गोष्ट लक्षात ठेवावी. हेडलाइटच्या समोर उभा राहणारा आंधळा असतो. ज्याच्याकडे उजेड आहे आणि जो त्या उजेडाच्या मागे आहे, त्याचं पारडं जड.

म्हणून गेटवरच्या पोरांना मी हे सांगितलं. ट्रकच्या नाकासमोर उभं राहायचं नाही. बाजूला, ड्रायव्हरच्या दाराच्या थोडं मागे उभं राहायचं. बॅटरी अंगापासून लांब धरायची, कारण कुणी काही फेकलं किंवा झाडलं तर ते उजेडाच्या दिशेने येतं. आधी ड्रायव्हरचे हात बघायचे, मग मांडी, मग केबिन. डोळ्यांत उजेड मारायचा नाही. रात्रभर गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरला आंधळं करून पुन्हा हायवेवर सोडलं, तर त्या अपघाताचं पाप आपल्या बॅटरीचं.

आता खरेदीचं

लोकांना लेखात हेच हवं असतं, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, ल्युमेनच्या मागे लागू नका. ल्युमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे मिळून किती उजेड निघतो. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती एकवटलाय. बादलीभर पाणी अंगणात ओतलं तर सडा होतो, तेच पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून सोडलं तर पलीकडच्या झाडाला लागतं. पाणी तेवढंच. उदाहरण देतो. शुअरफायर कंपनीचा एक्स-३०० अल्ट्रा हा पिस्तुलावरचा दिवा १००० ल्युमेनचा, कँडेला ११,३००. त्याच घराण्यातला एक्स-३०० टर्बो फक्त ६५० ल्युमेनचा, पण कँडेला ६६,०००. ल्युमेन कमी असूनही दुसऱ्याचा उजेड दुपटीहून लांब जातो.

लांबी कशी काढायची? बॅटऱ्यांसाठी एफएल-१ नावाचं एक मानक आहे. चांगल्या कंपन्या डब्यावर त्याच्या खुणा छापतात. त्यात रेंज म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. हिशेब सोपा: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कँडेला असेल तर वर्गमूळ १००, रेंज २०० मीटर. रेंज दुप्पट हवी तर कँडेला चौपट लागतो.

पण चांदण्यात माणूस दिसतो, माणसाच्या हातात मोबाइल आहे की सुरा ते दिसत नाही. म्हणून माझा नियम असा: डब्यावरच्या रेंजचे चार भाग करा, त्यातला एक भाग आपला. २०० मीटर लिहिलं असेल तर ५० मीटरपर्यंत भरवसा. तिथे उजेड सोळापट, म्हणजे चार लक्स असतो.

दुसरी गोष्ट, सुरुवातीचा उजेड बघून फसू नका. एफएल-१ मध्ये उजेड मोजतात तो बॅटरी लावल्यावर तीस सेकंद ते दोन मिनिटांत. त्यानंतर बऱ्याच बॅटऱ्या गरम होऊन स्वतःचा उजेड कमी करतात. चेन्नईच्या मे महिन्यात, लोखंडाच्या भट्टीजवळ, हे आणखी लवकर होतं. आणि 'दहा तास चालते' म्हणजे सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत चालते. दुकानात घेतलीत तर दहा मिनिटं चालू ठेवून मग ठरवा.

तिसरी गोष्ट, खोटं पकडायला शाळेतलं गणित पुरे. १८६५० नावाचा जो रिचार्जचा सेल असतो (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब), तो चांगल्यातला चांगला साधारण ३५०० एमएएचचा. वीज झाली साडेबारा वॅट-तास. चांगला एलईडी दिवा वॅटला शंभरेक ल्युमेन देतो असं धरू. म्हणजे १००० ल्युमेनवर एक सेल सव्वा तास. मग सातशे रुपयांची बॅटरी एका सेलवर एक लाख ल्युमेन कुठून देणार? सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं की दुकानातून चप्पल घालून बाहेर या. असे सेल फक्त खोटे नसतात, कधी कधी फुगतात आणि पेट घेतात.

चौथी गोष्ट, सेल कोणता? हा प्रश्न बॅटरीपेक्षा मोठा आहे. सीआर-१२३ हे तीन व्होल्टचे लिथियम सेल दहा वर्षं पडून राहिले तरी टिकतात, म्हणून हत्यारावरच्या दिव्यांत बरेचदा तेच असतात. पण ते महाग, आणि आडगावच्या दुकानात मिळत नाहीत. त्यात नवा-जुना सेल एकत्र घातला तर स्फोट होऊ शकतो. १८६५० स्वस्त पडतो, पण चार्जरची शिस्त लागते. साहेबांना मी सांगितलं की चाळीस बॅटऱ्या एकाच प्रकारच्या सेलच्या घ्या, आणि शक्यतो बॅटरीतच चार्जिंगचं तोंड असलेल्या. शिवाय दहा बॅटऱ्या साध्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कपाटात ठेवा. वादळात तीन दिवस वीज गेली तर चार्जर काय करणार? डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाने चेन्नई पाण्याखाली घातली होती, तेव्हा किराणा दुकानात मिळणारा पेन्सिल सेल सोन्याचा झाला. फक्त अल्कलाइन सेल आत घालून विसरू नका, गळतात आणि बॅटरी खातात.

पाचवी गोष्ट, बटण. मागे एक बटण, अर्धं दाबलं की लागावं आणि सोडलं की विझावं. पूर्ण दाबलं की लागून राहावं. पहिल्या दाबाला नेहमी तोच उजेड. चार मोड, लुकलुक, एसओएस असली बॅटरी गार्डला देऊ नका. ऐन वेळी दाबावी आणि लुकलुक सुरू व्हावी, म्हणजे समोरच्यापेक्षा आपणच गोंधळतो.

सहावी गोष्ट, उजेडाचा रंग. निळसर पांढरा उजेड दुकानात भारी दिसतो, पण पाऊस, धुकं, धूर आणि भट्टीच्या धुळीत तो परत आपल्याच तोंडावर येतो. जरा पिवळट उजेड बरा. रंगही खरे दिसतात, रक्त आणि ऑइल यात फरक कळतो. रात्रीची नजर तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती गेली. म्हणून रजिस्टर लिहायला मंद उजेडाचा वेगळा मोड हवा. फौजेतल्या नव्या पोरांसाठी एक सांगतो. लाल फिल्टर नजर वाचवतो, पण नकाशावरच्या लाल खुणा त्यात गायब होतात. आधी दिवसा बघून ठेवा.

सातवी गोष्ट, हा समुद्रकिनारा आहे. खारी हवा महिन्याभरात आटे गंजवते. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी, तेवढी तरी असावी. पण त्याचं सगळं इमान आतल्या रबरी रिंगवर आहे. महिन्यातून एकदा आटे पुसायचे, रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं. हत्यार साफ करतो त्याच दिवशी बॅटरी साफ. आणि मनगटाला दोरी. पडलेली बॅटरी अंधारात शोधायला दुसरी बॅटरी लागते.

मग किती ल्युमेन घ्यायचे? गार्डला ३०० ते ५००, कँडेला आठ-दहा हजार. एवढं पुरे. पांढऱ्या भिंतीजवळ हजार ल्युमेन मारले तर आपलेच डोळे दिपतात. जुन्या लोकांना आठवेल, १९८०-९० च्या दशकात शुअरफायरची सिक्स-पी ही छोटी बॅटरी पोलिसांत आणि फौजांत नावाजली होती. तिचा उजेड ६५ ल्युमेन. त्यावर लोकांनी नोकऱ्या काढल्या.

उजेड कशासाठी

साहेबांना शेवटी मी कवरैपेट्टैची आठवण दिली. ११ ऑक्टोबर २०२४, रात्री साडेआठच्या सुमाराला म्हैसूरहून दरभंग्याला जाणारी बागमती एक्स्प्रेस मेन लाइन सोडून लूप लाइनवर गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. डबे घसरले, आगही लागली. गुम्मिडिपूंडीच्या अलीकडचंच स्टेशन. अनेक जण जखमी झाले, सुदैवाने कुणी दगावलं नाही. अशा रात्री डब्यात अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला उजेड लागतो, आणि तो उजेड बंदुकीवरचा चालत नाही. जखमीच्या तोंडावर नळी धरून कोण त्याला धीर देईल?

गार्डच्या सगळ्या नोकरीत बॅटरी लागते ती अशाच कामांना. पडलेल्याला उचलायला, साप बघायला, गळणारा पाइप शोधायला, घाबरलेल्याला वाट दाखवायला. आपल्याकडे रात्रीच्या लाइटीला पाणी धरायला जाणारा शेतकरी बॅटरी घेतो ती घोणस आणि मण्यार दिसावी म्हणून. त्याच्या खांद्यावर बंदूक नसते, तरी तो दर रात्री अंधारात जाऊन परत येतो.

याचा दुसरा पक्षही मी मांडतो. काही मित्र म्हणतील, ज्या दिवशी खरंच हत्यारबंद माणूस भिंतीवरून उतरेल त्या दिवशी तुझा गार्ड एका हाताने बंदूक सांभाळेल आणि मरेल. असं होऊ शकतं. पण गार्डचं काम त्या दिवशी आड घेणं, शिटी मारणं, सायरन दाबणं आणि पोलीस येईपर्यंत टिकणं हे आहे. घरात घुसून मारायचं शिक्षण त्याला दिलेलं नाही. ते द्यायची तयारी असेल, दर तीन महिन्यांनी रात्रीचा फायर करवणार असाल, तर दिवाही द्या. नुसता दिवा देणं म्हणजे पोहायला न शिकवता बोट देणं.

साहेबांनी यादीतून सहा बंदुकींचे दिवे खोडले. नमुन्याचा क्लॅम्प स्वतःच्या हाताने काढला. त्या पैशांत प्रत्येक पोस्टला एक शिटी, डोक्याला लावायचे चार दिवे आणि मागच्या भिंतीवर दोन फिक्स लाइट बसणार आहेत. मालक म्हणाला म्हणे, "बंदुकीवरचा दिवा असता तर रुबाब दिसला असता." साहेब म्हणाले, रुबाब वर्दीत असतो, साहेब, नळीत नाही.

परवा साहेबांचा फोन आला होता. मागच्या वाटेवर लाइट लागलेत. रंगाचा डबा घेतलेला तो माणूस आता तिथूनच जातो. जाताना गार्डकडे बघत नाही अजून. साहेब म्हणाले, "बघेल रे. वेळ लागतो."

तुमच्या पोस्टवर, शेतावर, सोसायटीच्या गेटवर काय वापरता ते कळवा. आणि कुणी बंदुकीला बॅटरी बांधून हिंडत असेल, तर आधी ती काढायला सांगा, मग चहा पाजा.

जय हिंद. जय महाराष्ट्र.